पायाखालचा पत्रा

घरी बांधलेल्या विमानाविषयी लोक पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. दुसरा प्रश्न दारातून आत डोकावल्यावर येतो, आणि तो जरा दबक्या आवाजात येतो: ‘खाली एवढाच पत्रा? पाय आरपार नाही का जाणार?’

प्रश्न रास्त आहे. दोन आसनी, धातूच्या घरगुती विमानात पायांखालचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण ०.६ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. पुष्कळ विमानांत तोच पत्रा विमानाचं बाहेरचं पोटही असतो. टाचेखाली मिलिमीटरभर धातू आणि त्याखाली तीन हजार फूट मोकळी हवा. हे ऐकून पोटात गोळा आला तर त्यात नवल नाही.

अशी विमानं आपल्याकडे दुर्मीळ. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं गेलं, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली. मराठी वाचकाला ‘घरचं विमान’ म्हटल्यावर आठवतं ते हेच. अमेरिकेत मात्र हा जुना छंद आहे. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही हौशी विमानबांधकांची संस्था तिथे १९५३ साली सुरू झाली. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी स्वतः बांधलेला असला, तर त्याला ‘प्रायोगिक’ वर्गात परवाना मिळतो. बांधणाराच मालक असल्याने त्यात फेरफार करण्याची मोकळीकही त्याला पुष्कळ असते. तळ मजबूत करणं हा या फेरफारांपैकी अगदी नेहमीचा, आणि वरवर पाहता सगळ्यांत निरुपद्रवी.

१. पत्रा इतका पातळ कशासाठी?

हिशेब करून पाहू. क्रिस हाइन्ट्झ यांनी आरेखन केलेलं झेनिथ सीएच ७०१ हे या जगातलं एक प्रसिद्ध विमान, १९८६ साली पहिल्यांदा उडालेलं. त्याचं कमाल वजन सुमारे ५०० किलो आणि रिकामं वजन २६५ किलोंच्या आसपास. उरले २३५. त्यात ऐंशी-ऐंशी किलोंची दोन माणसं बसली की राहिले ७५. टाक्यांमध्ये ७५ लिटर पेट्रोल भरलं तर त्याचे साधारण ५४ किलो. शिल्लक वीस-एकवीस किलो. सामानाची पिशवी, पाण्याची बाटली, हेडफोन आणि तळाला द्यायची नवी मजबुती यांनी या विसातच भागवायचं.

आता पत्र्याकडे या. ०.८ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर ॲल्युमिनियमचं वजन २.१६ किलो. जाडी दुप्पट केली की ४.३२. ‘दोनच किलो तर वाढले’ हे वाक्य घरगुती विमानांच्या कार्यशाळेत फार ऐकू येतं. दोन किलो तळाला, दीड किलो गालिच्याला, एक किलो जादा रंगाला. सगळं जोडून झाल्यावर विमान काट्यावर चढतं आणि दुसऱ्या माणसाला जमिनीवरच थांबावं लागतं.

२. तळाला त्रास कोण देतं?

बसलेला वैमानिक तळावर फारसा भार टाकत नाही. त्याचं वजन आसनावर असतं. त्रास चढता-उतरताना होतो. ८० किलोंचा माणूस एका पायावर आत शिरला आणि टाच टेकली, की पाच बाय पाच सेंटिमीटरच्या जागेवर अख्खे ८० किलो येतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३.२ किलो. हीच टाच एका चौरस सेंटिमीटरची निमुळती असेल तर त्या टिंबावर ८० किलो. बायकांच्या टोकदार टाचांची फॅशन आली तेव्हा प्रवासी विमानांच्या तळालाही खड्डे पडू लागले होते, आणि तळाच्या फळ्यांचं आरेखन करताना तेव्हापासून टाचेचा वेगळा विचार करावा लागला.

दुसरा त्रास पेडलपाशी. उड्डाणभर वैमानिकाच्या टाचा त्याच दोन जागी टेकलेल्या असतात आणि चवडे पेडल दाबत असतात. टाचेखालचा रंग आधी जातो, मग पत्रा झिजतो, मग तिथे बशीसारखा खोलगट भाग तयार होतो.

तिसरा त्रास बाहेरून येतो आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. पुढे इंजिन असलेल्या कित्येक विमानांत धुराचे पाइप तळाच्या अगदी खाली उघडतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे धुराचे ८० ठोके. दर सेकंदाला ८० थपडा तळाच्या पत्र्यावर. शंभर तासांच्या उड्डाणात त्यांची संख्या दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख होते. एकेक थप्पड क्षुल्लक, पण धातूला थकवा येतो. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तोच प्रकार इथे फार लहान वाकण्याने आणि फार मोठ्या संख्येने होतो. पोलादाला निदान एक अशी खालची पातळी असते की तिच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी फारसं बिघडत नाही. ॲल्युमिनियमला अशी पातळी नाही. तिथे लहानसा ताणही हिशेबात जमा होत राहतो. म्हणून पायाखाली सतत गुणगुणणारा पत्रा हा फक्त आवाजाचा प्रश्न समजू नये.

बाकी कारणं साधी: बांधणारा आराखड्यातल्या माणसाहून जाडजूड असतो, सामानाच्या कप्प्यात अवजारांची पेटी ठेवायची असते, किंवा धावपट्टी म्हणून शेतातला खडबडीत पट्टा वापरायचा असतो.

३. मजबूत निराळं, ताठ निराळं

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. मजबुती म्हणजे वस्तू किती भाराला तुटते किंवा कायमची वाकते ते. ताठपणा म्हणजे भार असताना ती किती झुकते ते. पाय ठेवल्यावर तळ ‘टक्’ करून खाली जातो आणि पाय उचलल्यावर ‘टक्’ करून वर येतो, तेव्हा तो तुटलेला नसतो. त्याची मजबुती शाबूत असते, ताठपणा कमी पडतो. ‘तळ कमकुवत आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा आजार बहुतेक वेळा ताठपणाचाच असतो, आणि औषध मात्र ते मजबुतीचं शोधतात: जाड पत्रा.

मजबुतीचा आकडा कसा धरतात तेही इथेच पाहू. विमान जोराने वळलं किंवा खालून वाऱ्याचा धक्का बसला की आतली प्रत्येक वस्तू काही क्षण जड होते. तिचं वजन किती पट झालं ते ‘जी’मध्ये सांगतात. साध्या वापराच्या छोट्या विमानासाठी ३.८ जी ही रूढ मर्यादा आहे. २५ किलोंची बॅग त्या क्षणी ९५ किलोंची होते. एवढ्या भाराखाली तळ झुकला तरी चालेल, पण भार गेल्यावर तो पूर्ववत झाला पाहिजे. त्यावर दीडपटीची राखीव धरली की १४२.५ किलो होतात. या भाराला तळ वाकडा झाला तरी हरकत नाही, पण निदान तीन सेकंद तो तुटता कामा नये. कारखान्यात बनणाऱ्या विमानांचे नियम असे आहेत. हौशी विमानाला ते बंधनकारक नसले तरी शहाणा बांधणारा तेच धरून चालतो.

४. जाडी वाढवावी की घडी घालावी?

या प्रकरणाचा गाभा हा आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

कोकणातल्या पडवीवरचा पन्हळी पत्रा आठवा. सपाट असता तर तो दोन वाशांमध्ये स्वतःच्या वजनानेच लोंबला असता. पन्हळी घातल्या की त्याच पत्र्यावर माणूस चढून कौलं शाकारतो. धातू तेवढाच राहिला, फक्त त्याचा काही भाग मधल्या पातळीपासून वर-खाली दूर गेला. वाकण्याला विरोध करण्याची ताकद या अंतरात असते. धातू मध्यापासून दुप्पट दूर नेला तर त्याचा उपयोग चौपट होतो.

आता आकडे. तळाच्या पत्र्याची १०० मिलिमीटर रुंदीची एक पट्टी घेऊ, जाडी ०.८. तिचं मीटरला वजन २१६ ग्रॅम.

पहिला उपाय: तिच्यावर तेवढ्याच जाडीचा दुसरा पत्रा चढवायचा आणि दोन्ही पूर्ण एकजीव झाले असं धरायचं. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे दोनचा घन, आठपट. वजन वाढलं २१६ ग्रॅम. प्रत्यक्षात दोन पत्रे नुसत्या चार रिव्हेटांनी जोडले तर ते एकमेकांवर सरकतात आणि आठपटही पदरात पडत नाही.

दुसरा उपाय: त्याच ०.८ पत्र्यातून २० बाय २० मिलिमीटरची काटकोनी पट्टी वाकवायची, म्हणजे ज्याला कारागीर ‘अँगल’ म्हणतात ती, आणि ती पत्र्याच्या लांबीने मधोमध रिव्हेट करायची. तिचं वजन मीटरला ८५ ग्रॅम. पट्टी आणि पत्रा मिळून जो छेद तयार होतो त्याचा ताठपणा मोजला तर तो नुसत्या पत्र्याच्या साडेचारशे पटींच्या वर जातो. प्रत्यक्षात दाबाखाली पातळ पत्र्याचा काही भाग सुरकुततो आणि कामातून जातो, म्हणून कागदावरचा पूर्ण फायदा मिळत नाही. निम्मा धरला तरी हिशेब उघड आहे: २१६ ग्रॅम घालून आठपट, की ८५ ग्रॅम घालून दोन-चारशे पट?

म्हणूनच धातूच्या विमानात उघडून पाहाल तिथे अँगल दिसतात, किंवा टोपीच्या छेदाच्या पट्ट्या, किंवा पत्र्यातच दाबून उठवलेल्या रेघा. जाड पत्रा फारच थोड्या ठिकाणी.

अँगलमध्ये एक खोट आहे. तो त्याच्या लांबीच्या दिशेनेच पत्र्याला ताठ करतो. आडव्या दिशेला पत्रा होता तसाच राहतो. त्यामुळे दोन अँगलमधलं अंतर महत्त्वाचं. मोकळा पट्टा जेवढा अरुंद, तेवढा पत्रा गप्प. पत्रा गुणगुणत असेल तर मोठ्या मोकळ्या चौकोनाच्या मधोमध एक हलकी पट्टी टाकून त्याचे दोन चौकोन करणं हाच पहिला उपाय. कंपन शोषणारी चिकट पट्टी आतून लावली की आवाज आणखी कमी होतो, पण ती पट्टी भार वाहत नाही हे विसरू नये.

५. पायाखालचा भार शेवटी जातो कुठे?

विमान उडत असताना त्याला धरून ठेवतात ते पंख. बाकी सगळं, माणसं, इंजिन, पेट्रोल, तळ, पंखांना टांगलेलं असतं. तेव्हा टाचेचा भार पत्र्यातून अँगलमध्ये, अँगलमधून आडव्या चौकटीत, चौकटीतून विमानाच्या धडाच्या चार कोपऱ्यांतून लांबवर जाणाऱ्या कण्यांमध्ये आणि तिथून पंखाच्या मुख्य तुळईपर्यंत पोचला पाहिजे. आडव्या चौकटीला ‘फॉर्मर’ म्हणतात, लांब कण्याला ‘लाँजरॉन’, आणि पंखाच्या तुळईला ‘स्पार’. सीएच ७०१ सारख्या वर पंख असलेल्या विमानात हा भार धडाच्या बाजूंनी आणि केबिनच्या सांगाड्यातून वर चढतो. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतल्या खाली पंख असलेल्या दोन आसनी विमानांत स्पार धडाच्या तळातूनच आरपार जातो, म्हणून प्रवास थोडक्यात आटोपतो.

ही वाट कुठेही तुटता कामा नये. आणि हौशी मजबुतीत ती हमखास तुटते ती अँगलच्या टोकाशी. बांधणारा फॉर्मरच्या अलीकडे पाच सेंटिमीटरवर अँगल कापतो, कारण तिथे आधीच केबलचा ब्रॅकेट असतो आणि हात पोचत नाही. आता काय झालं पाहा. अँगल जिथे आहे तिथे तळ कमालीचा ताठ, जिथे संपला तिथे एकदम लुळा. वाकायचं सगळं काम त्या पाच सेंटिमीटरच्या पट्ट्याने करायचं. आधी जे वाकणं मीटरभर पत्र्यात वाटलं जात होतं ते एका रेषेवर गोळा झालं, आणि भेग त्या रेषेवर, शेवटच्या रिव्हेटच्या भोकातून सुरू होते. मजबुतीच्या आधी जो तळ टकटक करत वीस वर्षं टिकला असता, तो मजबुतीनंतर काही मोसमांतच फाटू शकतो. माझ्या मते घरगुती विमानाच्या तळाबाबत एवढं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते असं: अँगल फॉर्मरपर्यंत नेता येत नसेल तर तो लावू नका.

हेच तत्त्व ठिगळालाही लागू. टाचेखालच्या झिजेवर किंवा भेगेवर जो जोडपत्रा लावतात, त्याच्या कडा चौकोनी ठेवल्या की कोपऱ्यांत ताण साचतो. कोपरे गोल हवेत, टोकं निमुळती हवीत, आणि जमलं तर जोडपत्रा मूळ पत्र्याहून फार जाड नको. भेग असेल तर तिच्या टोकाशी आधी अडीच-तीन मिलिमीटरचं भोक पाडतात. भेगेचं टोक अणकुचीदार असतं, म्हणून ती पुढे सरकते. गोल भोकात ते बोथट होतं. पण भोक पाडणं हा भेगेवरचा तात्पुरता लगाम आहे. भेग का पडली याचा शोध त्याने लागत नाही.

६. भोकांचं गणित

मजबुतीसाठी रिव्हेट मारायचे, रिव्हेटसाठी भोकं पाडायची, आणि प्रत्येक भोक पत्र्याला थोडं दुबळं करतं. तेव्हा भोक कुठे पाडावं याचे ठोकताळे आहेत. रिव्हेटचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून त्याच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर असावं, आणि दोन रिव्हेटांमध्ये निदान तीन व्यासांचं अंतर. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला कडेपासून ६.४ मिलिमीटर लागतात. आपल्या २० मिलिमीटरच्या अँगलमध्ये तो कडेपासून आठावर घेतला तर घडीपासून बारा मिलिमीटर उरतात आणि रिव्हेटची बंदूक नीट टेकते. दहा मिलिमीटरचा चिमुकला अँगल वजन वाचवायला म्हणून घेतला की हे गणितच बसत नाही.

ड्रिलने मारलेल्या भोकाची कड नखाला लागते इतकी खरबरीत राहते. ती साफ केल्याशिवाय रिव्हेट मारायचा नाही. तो खरबरीतपणा म्हणजे भेगेचं बीज. घडी घालतानाही घाई नको. विमानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०२४-टी३ या कडक मिश्रधातूला एकदम धारदार काटकोनात वाकवलं तर बाहेरच्या बाजूला सूक्ष्म तडे जातात. आतली गोलाई पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट तरी असावी. सीएच ७०१ मध्ये वापरला जाणारा ६०६१-टी६ तुलनेने सोशिक आहे.

हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीसच्या पुड्यात मिळणारे पॉप रिव्हेट दिसायला सारखेच असतात. त्यांचा मधला खिळा सैल होऊन पडतो आणि त्यांच्या ताकदीची कोणी हमी देत नाही. आराखड्यात जो रिव्हेट लिहिला आहे तोच घ्यावा. हे सगळे ठोकताळे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या १९९८ सालच्या पुस्तिकेत तपशिलाने आहेत, आणि घरी विमान बांधणाऱ्याच्या टेबलावर तिची काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेली प्रत असतेच.

७. लाकूड आणि फोम

सगळी घरगुती विमानं पत्र्याची नसतात. बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटात फोर्ड मोटारीचं इंजिन बसवून एअर कँपर हे विमान उडवलं, त्याचं धड स्प्रूस लाकडाचं आणि प्लायवूडचं. आराखडे घेऊन लोक ते आजही बांधतात. तिथे तळ मजबूत करायचा तर प्लायखाली लाकडी पट्टी चिकटवतात. तत्त्व अँगलचंच, फक्त रिव्हेटच्या जागी सरस. आणि सरसाला स्वच्छ, कोरं लाकूड लागतं. जुन्या वार्निशवर चिकटवलेली पट्टी लाकडाला नाही, वार्निशला चिकटते.

बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात व्हॅरिईझी आणि लाँग-ईझी ही विमानं आणली आणि तिसरा मार्ग दाखवला: मध्ये फोम, दोन्ही बाजूंना काचतंतूंचं कापड आणि रेझिन. अशा ‘सँडविच’चं गणित धातूच्या भाषेतही करता येतं. ०.८ मिलिमीटरचा एक पत्रा घेण्याऐवजी ०.४ चे दोन घ्या आणि त्यांच्यामध्ये १० मिलिमीटर फोम चिकटवा. धातू तेवढाच. ताठपणा सुमारे पाचशेपट, आणि अँगलसारखा एकाच दिशेला नाही, सगळीकडे सारखा. हलक्या फोमचं वजन चौरस मीटरला अर्धा किलो, वर सरसाचं थोडं.

मग सगळेच हे का करत नाहीत? कारण टाच. ०.४ च्या कातडीवर टाचेचा खळगा पडतो, खालचा फोम दबतो, आणि कातडी व फोम यांची साथ सुटली की ताठपणा एका दमात नाहीसा होतो. बोल्ट सरळ आरपार घालून आवळला तर फोम चेपतो. तिथे आधी कठीण लाकडाचा किंवा धातूचा ठोकळा बसवावा लागतो. पाणी शिरलं तर कळतही नाही. सामानाच्या कप्प्याला सँडविच उत्तम, पेडलपाशी त्याच्यावर वेगळा झिजपत्रा हवा.

८. पट्टा तळाला बांधू नये

हा भाग छोटा आहे, पण चुकला तर भारी पडतो. नवा मजबूत तळ पाहून आसनाचा पट्टा त्यालाच बोल्ट करण्याचा मोह होतो. आणीबाणीच्या उतरणीसाठी रूढ हिशेब पुढच्या दिशेने ९ जीचा. ८० किलोंचा माणूस तेव्हा ७२० किलोंनी पट्टा खेचतो. अँगल लावलेला पत्रा वरून येणाऱ्या दाबासाठी ताठ झालेला असतो, ओढून उपटण्यासाठी नाही. पट्टा फॉर्मर, लाँजरॉन किंवा स्पारलाच जोडलेला हवा.

आणि आसनाखालचा तळ अति ताठ करण्याची हौसही आवरावी. विमान जोरात आपटलं तर आसनाखालच्या रचनेने चुरगळून धक्का खाल्ला पाहिजे. ती चुरगळली नाही तर तो धक्का माणसाच्या पाठीच्या कण्याला खावा लागतो.

९. खाली काय काय दडलंय?

तळाखालून किंवा तळालगत शेपटाच्या सुकाणूंच्या केबल आणि दांडे जातात, ब्रेकच्या नळ्या जातात, काही विमानांत पेट्रोलची नळीही. नवा अँगल लावल्यावर प्रत्येक सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत हलवून पाहायचं, कारण मोकळा असताना न घासणारा दांडा टोकाला गेल्यावर घासू शकतो. ड्रिलचं टोक पत्र्यापलीकडे किती गेलं तेही पाहायचं. पडलेला एक रिव्हेट किंवा स्क्रू कप्पीत अडकला तर सुकाणू जाम होतं. त्यामुळे काम संपताना अवजारं आणि सुटे भाग मोजून घेण्याची शिस्त विमानाच्या कारखान्यात असते. ती गॅरेजमध्येही हवी.

इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीजवळ तळाला पाडलेलं प्रत्येक भोक बुजवलंच पाहिजे. धुराचा पाइप तिथेच खाली आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही.

पाण्याचं काय? पावसात उभं राहिलेलं विमान, ओले बूट, वरून फोमचा गालिचा. अँगलमुळे तळाचे छोटे छोटे वाफे होतात आणि प्रत्येक वाफ्यात पाणी साचतं. निचऱ्याची मूळ भोकं नव्या पट्टीखाली गेली तर पत्रा आतून खाल्ला जातो. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे काम अधिक वेगाने होतं. जोडपत्र्याच्या आतल्या बाजूंना प्रायमर, पोलादी स्क्रू थेट ॲल्युमिनियमवर नकोत, आणि गालिचा सहज निघेल असा.

१०. वाळूच्या गोण्या आणि वजनकाटा

काम झालं. आता तपासायचं कसं? सामानाच्या कप्प्याची मर्यादा २५ किलो असेल तर आधी ९५ किलो वाळू छोट्या पिशव्यांतून सारखी पसरतात, खाली किती झुकलं ते मोजपट्टीने टिपतात, वाळू काढतात आणि तळ मूळ जागी आला का ते पाहतात. आला नाही तर आराखड्याकडे परत. एवढ्यावर न थांबता विमान तोलून धरताना धडाचा आधार कुठे आहे तेही बघावं लागतं. तळ जमिनीवरच्या ठोकळ्यांवर टेकवून घेतलेली चाचणी ठोकळ्यांची असते. दीडपट भाराची चाचणी त्याच विमानावर न घेता मजबुतीसकट वेगळ्या बनवलेल्या नमुन्यावर घेतलेली बरी.

मग वजन. सामानाच्या कप्प्यात, गुरुत्वमध्याच्या ०.९ मीटर मागे, आपण २ किलो वाढवले समजा. विमान ५०० किलोंचं. गुरुत्वमध्य मागे सरकला दोन गुणिले ०.९ भागिले ५०२, म्हणजे ३.६ मिलिमीटर. छोट्या विमानात गुरुत्वमध्याला फिरायला मिळणारी जागा पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आसपास असते, तेव्हा साडेतीन मिलिमीटर नगण्य वाटतात. मागच्या वर्षी शेपटाजवळ बसवलेली बॅटरी आणि त्याआधीचा रंग यांच्यात ते मिळवले की वाटत नाहीत. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकं विमानाचं नाक सावरायला अवघड. म्हणून मजबुतीनंतर विमान तिन्ही चाकांखाली काटे ठेवून पुन्हा तोलायचं आणि नवा आकडा नोंदवहीत लिहायचा.

मूळ आरेखकाला पत्र लिहून विचारणं या सगळ्याच्या आधी यायला हवं. बहुतेक प्रसिद्ध आराखड्यांत तळाच्या तक्रारी त्याच्याकडे पूर्वीच पोचलेल्या असतात आणि पट्टी कुठे टाकायची याचं रेखाचित्र तयार असतं. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे स्वयंसेवक सल्लागार घरी येऊन अर्धवट काम पाहतात, त्यांचा उपयोग अर्धवट असतानाच होतो. रंग दिल्यावर त्यांनाही आतलं दिसत नाही.

पहिल्या पंचवीस तासांच्या उड्डाणानंतर गालिचा काढावा, टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा घ्यावा, आणि पाहणी अँगलच्या टोकाकडच्या शेवटच्या रिव्हेटपासून सुरू करावी. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट धुरकट कडं दिसलं तर तो सैल होऊन हलतो आहे. तो तिथेच बदलावा, आणि शेजारचे दोनही तपासावेत.